आधी लाज सांगणारे डॉक्टर

आयर्लंडमध्ये तुझं कोण आहे, असं कोणी विचारलं की मी बायकोच्याही आधी वॉटरफोर्डच्या डॉक्टरांचं नाव घेतो. बायको रागावत नाही. ती म्हणते, "बरोबरच आहे. त्यांनी तुला माणसात आणलं, म्हणून तू मला मिळालास."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. एमएस्सीसाठी मी वॉटरफोर्डला आलो आणि त्यांच्याकडे खोली घेतली, तेव्हा त्यांचा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना 'चीफ' म्हणायचे. त्यात थोडं प्रेम होतं आणि बरीच थट्टा. कारण घरामागच्या बागेत, जिथे बाकीचे लोक मुलांना उड्या मारायला जाळी लावतात, तिथे डॉक्टरांनी टिपी उभारली होती. टिपी म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचा उंच, शंकूसारखा तंबू. लांब काठ्या, वर कॅनव्हास, शेंड्याला धुरासाठी वाट, आणि दार पूर्वेला. वॉटरफोर्डचा पाऊस त्या धुराच्या वाटेने बिनदिक्कत आत यायचा. डॉक्टर छत्री उघडून आत बसायचे आणि मणी ओवायचे.

त्यांची बहीण किलकेनीला राहायची. दर रविवारी ॲपल टार्ट घेऊन यायची आणि दारातच मला विचारायची, "युअर मॅन तंबूतच आहे का अजून?" इथे कोणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात, पण ती म्हणायची तेव्हा खरोखरच ते माझ्या ताब्यातले असल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचो, "आहेत." ती म्हणायची, "पाऊस पडतोय." मी म्हणायचो, "छत्री आहे." मग ती आकाशाकडे बघून टार्ट माझ्या हातात द्यायची.

पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "खालची उजवी दाढ किडली आहे. ये आत." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. पोस्टमन त्यांच्यासाठी 'पुढच्या दोन दातांत फट' होता. मी बरेच दिवस 'खालची उजवी' होतो.

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "खोलीबद्दल नंतर बोलू. आधी माझ्याबद्दल एक गोष्ट ऐक. ती ऐकून राहावंसं वाटलं तर राहा."

ती गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, हे मला नंतर कळलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी ती सांगितल्याचं मी ऐकलं आहे. तो बिचारा हातात पाना घेऊन उभा होता.

गोष्ट अशी. डॉक्टरांना लहानपणापासून अमेरिकेतल्या मूळच्या सू लोकांचं वेड. लहानपणी आजारात अंथरुणावर असताना कोणीतरी चित्रांचं पुस्तक दिलं, तिथून सुरुवात. पुढे दवाखाना चालू असताना त्यांनी पिसांचा एक भव्य टोप स्वतःच्या हाताने तयार केला. चित्रांत सरदारांच्या डोक्यावर असतो तसा, पाठीवर कमरेपर्यंत लोंबणारा. गरुडाची पिसं कुठून आणणार? टर्कीची आणली आणि रंगवली. सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीत दरवर्षी ते तो टोप घालून, चेहऱ्यावर पट्टे ओढून पुढे चालायचे. पोरं मागे धावायची. गावाला अभिमान होता.

एका वर्षी रस्त्याच्या कडेला गर्दीत एक बाई उभी होती. त्याच लोकांतली, कॉलेजात काही दिवसांसाठी शिकवायला आलेली. डॉक्टरांना कोणीतरी ते सांगितलं. त्यांना आकाश ठेंगणं झालं. मिरवणूक सोडून ते तिच्याकडे धावले आणि पुस्तकातून शिकलेल्या तिच्या भाषेत त्यांनी नमस्कार केला. बाईंनी तो घेतला. मग टोपाकडे बघून इंग्रजीत विचारलं, "ही पिसं तुम्हाला कोणी दिली?"

"मीच बनवला," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "सगळा. एकट्याने."

बाई म्हणाल्या, "माझ्या आजोबांना एक मिळालं होतं." मग म्हणाल्या, "आयुष्यात एक."

त्या रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. डॉक्टर म्हणायचे, "रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं." त्या लोकांत पीस विकत घ्यायचं नसतं, बनवायचं नसतं. काहीतरी करून दाखवल्यावर आपल्या माणसांनी ते द्यायचं असतं. हे डॉक्टरांनी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही त्यांनी टोप घातला होता, आणि लाज त्याची होती. टोप काढून हातात धरून ते उरलेली मिरवणूक चालले. पाऊस आला. टर्कीच्या पिसांचा रंग ओघळून हातावर, शर्टावर, बुटांवर उतरला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तर असा मी आहे," डॉक्टर म्हणाले. "आता खोली बघ. ग्रँड आहे खोली."

मी खोली घेतली. पण त्या रात्री त्या गोष्टीपेक्षा एका वेगळ्याच विचाराने मी अस्वस्थ होतो. माणसं ओळख करून देताना डिग्री सांगतात, कंपनी सांगतात, गाव सांगतात. हा माणूस आपली सगळ्यात मोठी लाज आधी सांगतो आणि मग कप कुठे ठेवलेत ते दाखवतो. आणि मी? मी तोवरच्या आयुष्यात जे काही शिकलो होतो, त्यातला अर्धा भाग लपवण्याचा होता.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडचा. आमच्या लोकांना कोणी बंजारा म्हणतं, कोणी लमाण. आम्ही आपसात स्वतःला गोर म्हणतो. आमची वस्ती म्हणजे तांडा. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, माझी पहिली काही वर्षं गेली. मग आश्रमशाळा, मग तालुक्याची शाळा, मग पुण्यात इंजिनिअरिंग. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझं आडनाव असं आहे की ऐकणारा आपापल्या सोयीने जात ठरवून टाकतो. ती मी कधी दुरुस्त केली नाही. पुण्यात माझी मराठी इतकी साफ झाली, की कोणाला काही कळायला वाव राहिला नाही. घरी बोलायची ती गोरबोली फोनवर, दार लावून.

आई पूर्वी आमचा पोशाख घालायची. आरसे आणि कवड्या लावलेला फेटिया, म्हणजे घागरा, पाठ उघडी ठेवणारी कांचळी, दंडापर्यंत बलोते, म्हणजे पांढऱ्या बांगड्या. मी तालुक्याच्या शाळेत गेलो, तेव्हा एकदा ती त्याच पोशाखात मला भेटायला आली. पोरं खिडकीत जमा झाली. पुढच्या वेळी ती साडी नेसून आली, निऱ्या नीट बसल्या नव्हत्या. मी तिला काही बोललो नव्हतो. तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं.

म्हणून डॉक्टर टिपीत हौसेने बसायचे तेव्हा मला काय वाटायचं, ते सांगणं अवघड आहे. मी कोपीतून बाहेर पडण्यासाठी आयुष्य खर्च केलं होतं. आणि इथे चार खोल्यांचं, गरम पाण्याचं घर सोडून एक दंतवैद्य ओल्या कॅनव्हासखाली शेकोटीचा धूर खात बसला होता. पहिल्यांदा आत बोलावलं तेव्हा मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "बस की." मी म्हणालो, "मला असल्या घराची सवय आहे." मग लगेच घाबरून म्हणालो, "म्हणजे कॉलेजात असताना कॅम्पिंगला गेलो होतो."

मिरवणुकीनंतर डॉक्टरांनी टोप घालणं सोडलं, वेड सोडलं नाही. त्या बाईंना त्यांनी पुढे कॉलेजच्या पत्त्यावर पत्र लिहून विचारलं होतं, की मी आता काय करू? बाईंचं उत्तर आलं होतं: शिकायचं थांबू नका; मात्र स्वतःला काही देऊ नका. डॉक्टर हे वाक्य नियमासारखं पाळायचे. मण्यांचं काम ते रोज करायचे, पण त्यातलं काही अंगावर घालायचे नाहीत, भिंतीवरही लावायचे नाहीत. दवाखान्यातलं भिंग डोळ्याला लावायचं, दातांच्या चिमट्याने मणी उचलायचा, आणि दातांच्या फटी साफ करायच्या मेणाच्या धाग्याने, म्हणजे फ्लॉसने, कातड्यावर शिवायचा. पूर्वी ते लोक जनावराच्या स्नायूंचा धागा वापरत. डॉक्टर म्हणायचे, फ्लॉस त्याच्या सगळ्यात जवळचा. रांग चुकली तर सगळी उसवायचे. पुन्हा ओवायचे. मी म्हणायचो, "कोणाला दिसणार आहे?" ते म्हणायचे, "मागच्या बाजूने दिसतं."

'सू' हे नावही त्यांना खटकायचं. "ते दुसऱ्यांनी दिलेलं नाव आहे. मी ज्यांच्याबद्दल बोलतो ते स्वतःला लकोटा म्हणवतात. माणसाला त्याच्या शत्रूने दिलेल्या नावाने हाक मारायची?" मी मान डोलवायचो. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती, पण ते त्यांना कुठे ठाऊक होतं.

आणखी एका गोष्टीने ते चिडायचे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी मदत पाठवली होती, हे इथल्या प्रत्येकाला पाठ. डॉक्टरांनी विषय काढला की समोरचा म्हणणार, "हो हो, ज्यांनी आपल्याला मदत पाठवली ते!" डॉक्टर टेबलावर हात आपटायचे. "ते चॉक्टॉ! हे लकोटा! तुला कोणी पोर्तुगीज समजलं तर चालेल?"

दातांचं मात्र त्यांनी मला शांतपणे सांगितलं होतं. एल्क नावाचं मोठं हरीण असतं. त्याच्या तोंडात हस्तिदंतासारखे फक्त दोन दात. ते जपून ठेवायचे आणि मुलीच्या झग्यावर शिवायचे. झगाभर दात म्हणजे घरातल्या किती माणसांच्या किती वर्षांच्या शिकारी. "मी जन्मभर दात उपटले आणि कचऱ्यात टाकले," डॉक्टर म्हणाले. "त्या लोकांनी ते मुलीच्या खांद्यावर ठेवले. कॉलेजात असताना तो झगा चित्रात बघितला आणि वाटलं, आपण चुकीच्या टोकाने शिकतोय."

"आणि दात नसले तर?" मी विचारलं.

"तर कवड्या. व्यापाऱ्यांकडून यायच्या. लांबून, तुमच्या समुद्रातून."

मी विषय बदलला. कारण माझ्या बॅगेत, सर्टिफिकिटांच्या फाईलभोवती गुंडाळलेली, आईने शिवलेली एक पिशवी होती. लाल कापडाची, आरशांची, काठाला कवड्या.

ती त्यांना दिसायचीच होती. एकदा व्हिसाच्या कामासाठी सर्टिफिकिटं काढताना मी पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि ते आत आले. त्यांनी हात पुसले, विचारलं, "बघू?" आणि मी हो म्हणायच्या आत भिंग डोळ्याला लावलं.

"हे कोणी केलं?"

"बाजारात मिळतं," मी म्हणालो. "आमच्याकडे प्रदर्शनं भरतात."

डॉक्टरांनी पिशवी उलटी करून आतून बघितली. बराच वेळ. मग म्हणाले, "इथे कोपऱ्यात टाका चुकला होता. उसवून परत घातलाय. भोकं दिसतात. विकायचं असतं तर कोणी उसवलं नसतं." पिशवी घडी करून त्यांनी माझ्यासमोर ठेवली, आणि चहाचं पाणी ठेवायला गेले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी मिळेपर्यंत माझी खोली माझीच ठेवली. मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवलं. डब्लिनला नोकरी लागल्यावर बसवर पोचवायला आले आणि खिडकीतून ओरडून म्हणाले, "दाढ दाखव कोणालातरी!"

पुढे माझं लग्न झालं. बायको नागपूरची, आमच्यातली नाही. तिला सगळं माहीत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "तुझंच तुला ओझं," असं ती म्हणायची. आम्ही डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनला घर घेतलं. आजूबाजूला पुण्या-मुंबईची बरीच मंडळी, गणपती, दिवाळी, सगळं एकत्र. त्यांच्यातही मी माझ्या आडनावावर निभावून नेत होतो.

मागच्या वर्षी मुलगी झाली आणि आई आली. वडील गेल्यापासून ती एकटीच. निघायच्या आधी मी फोनवर सांगितलं, "याडी, साड्याच आण. आणि लोकांसमोर मराठी बोल." याडी म्हणजे आमच्यात आई. ती म्हणाली, "हूं."

विमानतळावर ती साडीत आली. हातावरचं गोंदण स्वेटरच्या बाहीखाली झाकलेलं. बॅग उघडली तर आत साड्या, तिखट, आणि तळाशी बाळासाठी शिवलेलं एक पांघरूण. लाल-निळ्या चौकटी, आरसे, चारी काठांना कवड्या. "कवड्या बाळाच्या तोंडात जातील," मी म्हणालो आणि ते हॉलमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, वरच्या फळीवर ठेवलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. आई परत "हूं" म्हणाली.

बारशाला डॉक्टरांना बोलावलं होतं. बोलावलं नसतं तर मला स्वतःलाच तोंड दाखवता आलं नसतं. पण त्यांना ती पिशवी माहीत होती. बारशाला सगळी मराठी मंडळी येणार होती. आईला बघून डॉक्टर काय विचारतील, कोणासमोर विचारतील, याचाच विचार. पुण्याच्या एका मित्राने विचारलं, "तुझे ते तंबूवाले लँडलॉर्ड येणारेत ना? धमाल येईल."

डॉक्टर बसने आले. जुना ट्वीडचा सूट, हातात बुटांचा खोका. हॉलमध्ये सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर. त्यांनी कोणाशी हात मिळवला नाही. लकोटा लोकांत घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे आधी जायचं असतं. ते सरळ आईकडे गेले, समोर जमिनीवर बसले आणि मान खाली घालून थांबले. मोठ्यांच्या डोळ्यांत बघायचं नसतं. आईनेही परक्या माणसासमोर पदर पुढे ओढून मान खाली घातली. दोघं आमच्या गालिच्याकडे बघत बसली. पुण्याचा मित्र कुजबुजला, "काहीतरी हरवलंय का रे त्यांचं?" बायका हसल्या.

डॉक्टर मला म्हणाले, "आईंना सांग. मी बाळासाठी काहीतरी केलं आहे. पण मी बाहेरचा माणूस. हे द्यावं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. त्या नको म्हणाल्या तर मी परत नेईन."

मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी खोका उघडला. आत तळहातावर मावतील एवढे मऊ कातड्याचे दोन बूट, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या रांगांनी भरलेले. तळव्यालाही मणी होते. म्हणजे ते घालून चालायचं नव्हतंच, बाळाला उचलून घेणाऱ्याने फक्त बघायचं.

आईने बूट घेतला. वरून बघितलाच नाही. आमच्यातल्या बायका बघतात तसा, आधी उलटा केला, आत बोट घालून मागचे टाके चाचपले. नखाने धागा ओढून बघितला. मग पदर मागे सारला, पहिल्यांदाच डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मराठी विसरून, मोठ्याने, आपल्या बोलीत म्हणाली, "ऊ कुणसे तांडेरो छ?"

मंडळींच्या माना वळल्या.

"ही कुठली भाषा रे?" पुण्याचा मित्र म्हणाला. "राजस्थानी का?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

त्या वाक्यात तांडा हा शब्द होता. तो इंग्रजीत सांगायचा तर तांडा म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "खूप छान झालंय म्हणते."

"स्वर तर प्रश्नाचा होता," डॉक्टर म्हणाले.

"नाही. छान झालंय, एवढंच."

आई उठली. तिला इंग्रजी येत नाही, पण आपलं वाक्य पोचलं नाही हे तिला समजलं असावं. ती सरळ प्रेसकडे गेली, टाचा उंचावून वरच्या फळीवरून पांघरूण काढलं आणि डॉक्टरांच्या मांडीवर पसरलं. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं. दोघं वाकून बघायला लागली. आई एकेक टाका बोटाने दाखवत होती, डॉक्टर "आ," "आ" म्हणत होते. एका कोपऱ्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तिथेही टाका उसवून परत घातलेला होता. त्याच हाताने, तशाच पद्धतीने.

त्यांनी मान वर केली. भिंगामागे त्यांचा एक डोळा मोठा, निळा, माझ्याकडे.

"वॉव, मावशी!" मित्र म्हणाला. "कुठून घेतलं हो हे? आम्हाला पण मागवायचंय."

आई माझ्याकडे बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. बाजारात मिळतं, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. या वेळी शिवणारी समोर उभी होती.

डॉक्टर उठले. गुडघे कटकन वाजले. "एक मिनिट," ते सगळ्यांना म्हणाले. "तुमची माझी ओळख झालेली नाही. माझ्याबद्दल एक गोष्ट आधी ऐका."

आणि त्यांनी मिरवणुकीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं मी त्यांना ती खाली मान घालून सांगताना ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी तिचा तमाशा केला. टर्कीची पिसं, चेहऱ्याचे पट्टे, छाती काढून चालणं, त्या बाईंकडे धावत जाणं. रंग कसा ओघळला ते दाखवायला त्यांनी माझ्या हॉलभर फेऱ्या मारल्या, बुटांकडे बघत. मंडळी डोळे पुसून पुसून हसली. पुण्याचा मित्र म्हणाला, "काय नमुना आहे रे!" पांघरुणाचं सगळे विसरले.

मीही हसलो. इतरांबरोबर, तोंड उघडून. ते हसणं आजही माझ्या कानात आहे.

संध्याकाळी मी त्यांना बस स्टॉपवर सोडायला गेलो. मला वाटलं, आता बोलतील. बस आली. पायरीवर चढून ते म्हणाले, "खालची उजवी दाखवलीस का?"

"नाही अजून."

"दाखव. कीड आतून वाढते."

घरी आई भांडी पुसत होती. मी आत गेल्यावर म्हणाली, "सगळे हसत होते ना, तेव्हा तुझा डागदर एकटाच हसत नव्हता. तुझ्याकडे बघत होता." आणि पुढचं ताट उचललं.

आई परत गेली. फोनवर ती दर वेळी एकच विचारते, डागदरने माझ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं? मी म्हणतो, विचारून सांगतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या बहिणीचा फोन आला. त्यांची नजर फार अधू झाली आहे. मणी दिसत नाहीत. तंबूत बसतात, पण हात रिकामे. "युअर मॅन खूप शांत झालाय," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मोठ्या अक्षरात लिहिलं तर वाचता येतं, असं तिने सांगितलं.

पत्र लिहायच्या आधी मी पुण्याच्या मित्राला फोन केला आणि आम्ही कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा. पण वाटत नाही हां तू तसा." त्याला ते कौतुक वाटलं होतं. एवढी वर्षं मीही हेच वाक्य मिळवण्यासाठी झटलो होतो. मिळालं तेव्हा तोंडाची चव गेली.

पत्र इंग्रजीत गेलं, जाड पेनाने, एका पानावर जेमतेम काही ओळी बसतील एवढ्या अक्षरात. मराठीत ते असं आहे.

प्रिय डॉक्टर,

बारशाच्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, आई काय म्हणाली. मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती प्रश्नच विचारत होती.

आमच्या लोकांना दुसरे बंजारा म्हणतात. आम्ही स्वतःला गोर म्हणतो. आमच्या वस्तीला तांडा म्हणतात. दोन अनोळखी गोर भेटले की नाव नंतर विचारतात, तांडा आधी. पिशवी माझ्या आईने शिवली होती. तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे, ते मला माहीत आहे. पांघरूण आता कपाटात नाही, मुलगी त्यावर झोपते. एक कवडी तिने चघळून सैल केली आहे. आईने सांगितल्याप्रमाणे मी ती पुन्हा शिवली. वाईट शिवली. मागच्या बाजूने दिसतं.

त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी हसं करून घेतलंत आणि मी हसलो. याला माझ्याकडे शब्द नाही, कुठल्याच भाषेत.

आई म्हणाली ते असं: "हा कुठल्या तांड्याचा आहे?" तुमचे टाके मागून बघून ती म्हणाली. परक्याला आमच्यात हे कोणी विचारत नाही.

ती दर फोनला उत्तर मागते. मी तिला काय सांगू?

तुमचा,
खालची उजवी